रकाना पाचवा

कालीआसिनच्या ग्रामकार्यालयात माझं टेबल खिडकीपाशी.
खिडकीत बारमाही तीन धुराडी,
लाल-पांढऱ्या पट्ट्यांची,
पोरांच्या खेळण्यासारखी नीटस.
वीस वर्षं तक्रारी लिहून घेतोय.
अक्षर चांगलं, शाईचं पेन घरचं,
आणि तोंड बंद. म्हणून ठेवलंय मला.

वार्निती सारोंगच्या ओच्यात मीठ बांधून आली.
सोडलं टेबलावर, चहाच्या पेल्याशेजारी.
लिही, म्हणाली,
बापाच्या वेळचं मीठ डोळ्यांत खुपायचं, इतकं पांढरं.
आता पहाटे वाफ्यावर जाऊन बघ,
रात्रीत कुणी चूल झटकून गेल्यासारखं.
व्यापारी मिठातून बोट फिरवतो, मग बोट बघतो,
निम्मे पैसे मोजतो. धुऊन आण म्हणतो.
अरे, मीठ धुतं का कुणी?

चौथ्या रकान्यात मी लिहिलं:
उत्पादनाच्या रंगात किंचित फरक.
किंचित माझं.
तिला वाचता येत नाही.

कास्पान बसलाच नाही. उभ्यानं बोलला.
कमरेइतक्या पाण्यात जाळं ढकललं
की जवळा पोटऱ्यांना गुदगुल्या करायचा.
आता पाणी कोमट लागतं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं.
लांब जायचं तर होडी हवी, होडीला डिझेल,
आणि लांब कोळशाच्या बार्जा.
फाटल्या जाळ्याचा तुकडा आणला होता, पुरावा म्हणून.
पुराव्याला रकाना नव्हता.
तुकडा त्यानं खिडकीच्या गजाला बांधला नि गेला.

रोकायाह म्हणाली, गावाचा वास गेला.
एवढंच.
जवळा नाही तर कुटणार काय, उखळ सहा महिने कोरडं.
पण तक्रार तिची वासाचीच.
हे कसं लिहायचं?
पूर्वी एसटीसारख्या खटारा बसमधून जाणारे लोक
आमच्या फाट्यावर नाकाला रुमाल लावायचे.
त्या रात्री घरी जाताना मी मुद्दाम थांबलो फाट्यावर.
श्वास घेतला.
बस गेली. कुणीच रुमाल काढला नाही.

पाचवा रकाना अभिप्रायाचा.
तो शहरातून येतो, शिक्क्यात तयार: निरंक.

ईदच्या आधी कंपनीचा ट्रक आला.
तांदूळ, तेल, साखर, बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आणि मीठ.
एक किलोचं, चकचकीत पुडकं. मिठागराच्या गावाला.
साहेब हसत होते, फोटोवाला मागे सरका म्हणत होता.
वार्नितीनं पुडकं तळव्यावर तोललं,
जन्मभर जे तोललं ते तोलावं तसं.
चाळीस ग्रॅम कमी आहे, म्हणाली.
कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुणी कुणाचं खाल्लं, ते कोण ठरवणार?

मीही घेतलं. सही करून.

माझा धाकटा जेटीवर कोळसा उतरवतो.
त्याचा सदरा त्याची आई वेगळ्या बादलीत भिजवते,
खोकला मात्र वेगळा ठेवता येत नाही.
त्याच्या पगारावर घराचं छप्पर.
ही तक्रार मी कुणाच्या टेबलाशी उभा राहून सांगू?

वार्नितीचं मीठ त्या दिवशी
फुंकून टाकवेना. लोटलं खणात, नोंदवहीवर.
पश्चिमेचे वारे सुटले, भिंती घामेजल्या,
आणि खणात ते पाझरत राहिलं,
कुणाला न विचारता.
आज वही काढली तर पानं जड.
शिक्क्याची शाई निळं डबकं होऊन बसलेली.
चौथ्या रकान्यात बाकी सगळं वाचता येतं,
फक्त एका शब्दाच्या जागी
राखाडी, खरखरीत डाग.

जिभेला लावून पाहिला.
खारट. आणि मागून कसलीतरी
दाताखाली करकर.

वार्नितीला निरोप धाडलाय:
ये. पुन्हा सांग.
सावकाश.